विसोबा अस्वलाचा पांगुळगाडा

एका जंगलात, बाळांनो, एक अस्वल राहत होतं. कुठल्या जंगलात, ते विचारू नका. तुम्ही गोष्ट ऐकायला बसला आहात, भूगोलाच्या पेपराला नाही.

अस्वलाचं नाव विसोबा. तो मध खात्यात हेडक्लार्क होता. तीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या मधावर सह्या केल्या आणि मग तो निवृत्त झाला. निवृत्त होणाऱ्याला शाल आणि नारळ द्यायची त्या खात्यात पद्धत होती. पण अस्वलाला शाल काय द्यायची? त्याची शाल जन्मापासून त्याच्या अंगावरच असते. खात्याने बराच विचार केला आणि त्याला एक लेथ मशीन दिलं.

मागच्या रांगेतल्यांसाठी सांगतो, लेथ म्हणजे लाकूड आडवं धरून गरगर फिरवायचं यंत्र. लाकूड फिरत असतं, आपण त्याला पटाशी लावायची. साल निघत जाते आणि लाकूड गोल होत जातं. तुमच्या घरचं लाटणं असंच झालं, ताकाची रवी अशीच झाली. विसोबाचं लेथ छोटं होतं, टेबलावर मावणारं. घरी आणल्यावर विसोबाने त्याच्यावर जुनी चादर टाकली. दोन वर्षं त्या चादरीवर गोदावरीबाई मोहाची फुलं वाळवत होत्या. गोदावरीबाई म्हणजे विसोबाची बायको.

मग एक दिवस विसोबाची मुलगी शेवंता माहेरपणाला आली. मोहाच्या बहरात अस्वलाच्या लेकी माहेरी येतात, तशीच. तिच्या कडेवर ठमी होती. ठमी अकरा महिन्यांची होती. ती काहीही धरून उभी राहायची. पलंगाचा खूर, आजीचं लुगडं, आजोबांचा कान. उभी राहायची, डुलायची आणि धप्पकन बसायची. बसली की स्वतःच टाळ्या वाजवायची.

गोदावरीबाई म्हणाल्या, "आता हिला पांगुळगाडा हवा. आपल्याकडे सगळी पोरं गाड्यावरच चालायला शिकली."

पांगुळगाडा तुम्हाला ठाऊक नसेल. तुमच्या वेळी प्लास्टिकची गोल खुर्ची आली, तिच्यात बसून तुम्ही भिंतींना धडका दिल्या. पांगुळगाडा साधा असतो. तीन चाकं, दोन उभे दांडे, वर धरायला एक आडवा दांडा. पोर तो धरतं, गाडा पुढे सरकतो, पोर मागोमाग जातं. असं करता करता ते चालायला लागतं.

शेवंताचा जुना गाडा माळ्यावर होता. पण त्याला वाळवी लागली होती. वाळवीने गाडा खाल्ला आणि वाळवी विसोबाने खाल्ली. अस्वलांना वाळवी फार आवडते. तेव्हा हिशेबाने पाहिलं तर गाडा विसोबानेच खाल्ला होता. हे त्याला घरात अधूनमधून ऐकवलं जायचं.

विसोबाने चादर ओढली. फुलं सगळीकडे सांडली.

"ठमीचा गाडा मी कातणार," तो म्हणाला. "स्वतः. माझ्या हाताने. आणि तिचं पहिलं पाऊल माझ्या गाड्यामागे पडणार. मी समोर बसून बघणार."

गोदावरीबाईंना त्यामागचं कारण ठाऊक होतं. शेवंताने पहिलं पाऊल टाकलं तेव्हा विसोबा लांबच्या मधपोळ्यांच्या पाहणीला गेला होता. त्या पाहणीत त्याने काय पाहिलं, ते आज त्याला आठवत नाही. काय पाहायचं राहिलं, ते मात्र पक्कं आठवतं.

तर आता गाडा करायचा. मोहाची फुलं गळून संपेपर्यंत शेवंता राहणार होती. म्हणजे चांगला महिना सव्वा महिना. तीन चाकं आणि तीन दांडे. तुम्हीच सांगा, वेळ कमी होता का?

नव्हता. गडबड तिथेच झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विसोबा आडू साळिंदराकडे गेला. आडू साळिंदर म्हणजे त्या जंगलातला पिढीजात कातारी. शेवंताचा गाडा त्याच्याच बापाने कातला होता. आडू पायाने लेथची दोरी ओढत होता आणि तोंडाने विडी. भोवती सालींचा ढीग.

"आडूतात्या," विसोबा म्हणाला, "मला गाडा करायचाय. पटाश्या कुठल्या घेऊ? चक कुठला घेऊ?"

चक म्हणजे काय, हेही सांगतो. लेथच्या तोंडाशी बसणारा तो एक लोखंडी पंजा. त्याला चार जबडे असतात. किल्ली फिरवली की जबडे मिटतात आणि लाकूड गच्च धरतात.

आडूने विडी बाजूला ठेवली. "दांड्याला चक लागत नाही. एका टोकाला काटा, दुसऱ्या टोकाला टोच, मधे लाकूड. चाकाची फळी लेथबरोबर आलेल्या थाळीवर स्क्रूने आवळा. पटाश्या तीन पुरतात. एक गोल, एक तिरपी, एक खाच पाडायची. धार मात्र रोज लावा."

"बस?"

"बस. या माझ्याच घेऊन जा चार दिवस. मला आज उद्या विळ्यांच्या मुठी घासायच्यात, पटाश्या लागणार नाहीत."

विसोबा हिरमुसला. बाळांनो, तीस वर्षं खात्यात काढलेल्या अस्वलाला एवढा छोटा सल्ला पचत नाही. त्याच्याकडे साधा अर्जसुद्धा पाच प्रतींत यायचा. इतक्या मोठ्या विषयावर चार ओळींत उत्तर आलं, म्हणजे म्हाताऱ्याला विषय कळलेला नाही, असं त्याला वाटलं. शिवाय आडूच्या पटाश्या झिजून झिजून बोटभर उरल्या होत्या. त्यांच्या मुठी घामाने काळ्या पडल्या होत्या. नातीच्या गाड्याला असली हत्यारं लावायची?

"बघतो," विसोबा म्हणाला आणि निघाला.

तो थेट कातकाम रसिक मंडळात गेला. हे मंडळ रोज संध्याकाळी जांभळाखाली भरायचं आणि उरलेला दिवसभर मोबाइलवर भरायचं. जंगलात मोबाइल कुठून आला, असं कोण विचारतंय? तुझ्या हातात कुठून आला? तसाच तिथेही आला.

मंडळाचे अध्यक्ष होते दादासाहेब धनेश. धनेश पक्ष्याची चोच केवढी असते, ते तुम्ही चित्रात पाहिलंच असेल. दादासाहेब ती पूर्ण वापरायचे. त्यांच्या घरी भिंतीवर एक्केचाळीस पटाश्या टांगलेल्या होत्या. प्रत्येकीला मखमलीचं टोपडं होतं. दादासाहेबांनी आयुष्यात एक लाटणं कातलं होतं. तेही भिंतीवरच होतं.

"आडू काय म्हणाला?" दादासाहेबांनी विचारलं.

"तीन पटाश्या. आणि चक नको."

मंडळ खूप हसलं. दादासाहेब हसले नाहीत. त्यांनी विसोबाच्या खांद्यावर पंख ठेवला.

"आडू चांगला आहे हो. पण तो करतो. त्याला विचार करायला वेळ कुठे मिळतो?"

हे विसोबाला मनापासून पटलं.

मग पोलादावर चर्चा झाली. साध्या पोलादाच्या पटाशीला धार चटकन लागते, असं ससा म्हणाला. हायस्पीड पोलादाची धार टिकते, असं रानडुक्कर म्हणालं. बदलत्या पात्याची पटाशी घ्या, धार लावायलाच नको, असं खवल्या मांजर म्हणालं. चर्चा आठ संध्याकाळ चालली. नवव्या संध्याकाळी ससा आणि रानडुक्कर एकमेकांशी बोलेनासे झाले. ते आजही एकमेकांकडे बारशाला जात नाहीत.

घरी ठमी पलंगाच्या एका खुरापासून दुसऱ्या खुरापर्यंत जायला लागली होती. पलंग धरून, कडेकडेने.

"अहो," गोदावरीबाई म्हणाल्या, "गाड्याचं काय झालं?"

"पोलादाचा प्रश्न सुटला. सहा पटाश्या मागवल्यात, हायस्पीडच्या. आता चक."

"आडूतात्या तर चक लागत नाही म्हणाले ना?"

"अगं, तो करणारा माणूस."

गोदावरीबाईंनी यावर ठमीचं नाक पुसलं.

चक हुप्पेशेठ वानराच्या दुकानात मिळायचे. दुकान वडाच्या चौथ्या फांदीवर होतं. हुप्पेशेठने विचारलं, "तुमच्या लेथच्या दांडीचे आटे कुठले? चक त्या आट्यांवर बसायला हवा."

आता खरं उत्तर असं होतं, की 'ठाऊक नाही, मोजून येतो.' पण हेडक्लार्क असं उत्तर देत नाही. त्याच्या तोंडाला ती सवयच नसते.

"नेहमीचे," विसोबा म्हणाला.

"मग नेहमीचा देतो," हुप्पेशेठ म्हणाला.

घरी येऊन पाहतो तर चकचं भोक एवढं मोठं, की लेथची दांडी त्यात डुलत होती. पहिला चक बाजूला ठेवला. दादासाहेब म्हणाले, मधे एक कडी घाला, आटे जुळतील. कडी आली. ती पहिल्या चकला बसेना, म्हणून कडीला बसणारा दुसरा चक आला. तो बसला, पण फिरताना असा थरथरायचा की टेबलावरचं पाणी सांडायचं. दुसरा चकही बाजूला गेला.

तोवर पटाश्या आल्या. सहाच्या सहा, लखलखीत. विसोबाने खोकं उघडलं आणि तो बघतच राहिला. एकीलाही मूठ नव्हती.

त्याने दादासाहेबांना फोन लावला.

"अहो, उत्तम प्रतीच्या पटाशीला मूठ नसतेच," दादासाहेब म्हणाले. "मूठ ज्याची त्याने आपल्या हाताच्या मापाने कातायची असते."

"कशाने कातायची?"

"पटाशीने."

विसोबाने फोन ठेवला.

शेवटी त्याने सहाही पटाश्या फडक्यात गुंडाळल्या आणि गुपचूप आडू साळिंदराकडे नेऊन दिल्या. "परवा आणून देतो," एवढंच आडू म्हणाला.

मोहाची फुलं आता कमी पडायला लागली होती. शेवंताने बोचकं आवरायला काढलं होतं.

"आज ठमी भिंत धरून ओट्यापर्यंत गेली," ती बाबांना म्हणाली.

विसोबा ताडकन उठला. "थांबव तिला. गाडा होईपर्यंत चालू देऊ नका."

"बाबा, असं थांबवता येतं का?"

"दोन दिवस फक्त. तिला जरा खाली बसवून ठेवा."

गोदावरीबाई फार कमी वेळा आवाज चढवायच्या. आत्ताही त्यांनी चढवला नाही. "अहो, पोर आहे ती," त्या म्हणाल्या. "फाइल नव्हे."

विसोबाला कळत होतं, बरं का. अगदीच दगड नव्हता तो. सकाळी उठल्यापासून त्याच्या डोळ्यापुढे ठमीच असायची. गाडा धरलेली, दोन दात दाखवणारी, समोर बसलेल्या आजोबाकडे येणारी. पण हे सगळं होण्याआधी एक चांगला चक हवा, असं त्याला वाटायचं. आणि चांगल्या चकपेक्षा चांगला चक हुप्पेशेठकडे नेहमी असायचाच.

दादासाहेबांनी शेवटचा उपाय सांगितला. "सगळ्यात मोठा घ्या. मोठा चक कुठेही कमी पडत नाही."

मोठा चक आला तो लाकडी खोक्यातून. खोकं चांगलं रुंद, जड बुडाचं, खाली दोन सरकत्या पट्ट्या असलेलं. चार उंदरांनी ते ढकलत अंगणात आणलं. विसोबाने चक काढून घेतला. जादा जबडे, जादा किल्ल्या आणि माहितीपुस्तक आतच राहू दिलं. खोकं अंगणात पडून राहिलं.

तो शेवंता जाण्याच्या आधीचा दिवस होता.

सकाळीच आडू साळिंदर मुठी बसवलेल्या पटाश्या घेऊन आला. सहा मुठी, विसोबाच्या पंजाच्या मापाच्या. त्याने माप कधी घेतलं होतं कुणास ठाऊक. धारही लावून आणली होती, कारण नव्या पटाश्या बोथटच येतात हे त्याला माहीत होतं. तो अंगणात गोदावरीबाईंशी बोलत, चहा पीत बसला.

विसोबा पडवीत होता. पडवी अंगणाला लागूनच. त्याने लेथ भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. दादासाहेबांनी सांगितलं होतं, उजेड मागून यावा.

नवा चक बसला. आटे जुळले. विसोबाचा ऊर भरून आला. त्याने सागाचा तुकडा जबड्यात धरला, किल्ली आवळली, नारळ फोडला आणि बटण दाबलं.

लेथ गुणगुणलं, पण चक हलला नाही. एवढंसं लेथ आणि त्याच्या तोंडात एवढा मोठा चक. मोटर बिचारी नुसतीच कण्हत होती. विसोबा वाकला. चकच्या मागे बघायला लागला, खाली बघायला लागला. कुठे घासतोय का? एक जबडा खालच्या पट्टीला टेकला होता. त्याने बटण बंद केलं, किल्ली घेतली. जबडा थोडा आत घेतला. पुन्हा बटण दाबलं.

घर्र, घर्र, असा आवाज आला.

"फिरला," विसोबा म्हणाला.

पण चक जागेवरच होता. आवाज मागून येत होता. थांबत थांबत येत होता. घर्र. मग काही नाही. मग पुन्हा घर्र. विसोबाला वाटलं, मोटरीचा पट्टा सरकतोय. तो आणखी खाली वाकला आणि पट्ट्यावर डोळे लावून बसला.

मागे अंगणात सगळे एकदम गप्प झाले होते. ते त्याच्या लक्षात आलं नाही.

मग पायाला काहीतरी येऊन थडकलं. विसोबाने मान वळवली.

चकचं खोकं होतं. आणि खोक्याच्या पलीकडे, दोन्ही पंजे खोक्याच्या काठावर ठेवून, ठमी उभी होती. दोन दात दाखवत.

खोक्यापासून मागे अंगणापर्यंत दोन सरळ रेघा उमटल्या होत्या. त्या रेघांच्या मधे छोटी छोटी पावलं होती.

"सात," गोदावरीबाई हळूच म्हणाल्या. "सात पावलं टाकली तिने. तुमच्याकडेच येत होती."

शेवंता रडत होती. आडू साळिंदराचा चहा निवून गेला होता. विसोबाने त्या पावलांकडे पाहिलं. पहिलं पाऊल आंब्याच्या बुंध्यापाशी होतं. विसोबा तिथून जेमतेम चार हातांवर होता. शेवंताच्या वेळी निदान लांब तरी गेला होता. आता घरात असून पाठमोरा राहिला. त्याला इतकं वाईट वाटलं, की तो तिथेच सालींशिवायच्या स्वच्छ जमिनीवर बसला.

"ठमे," तो म्हणाला, "परत चल ना गं."

ठमीने त्याच्याकडे पाहिलं. मग खोक्यातून चकची किल्ली काढली, खाली बसली आणि किल्ली चघळायला लागली.

बाळांनो, ती नंतर चालली. संध्याकाळपर्यंत वीसदा चालली. शेवटी तर खोकं सोडून तीन पावलं आजोबाच्या मांडीपर्यंत आली. विसोबाने ते सगळं बघितलं, डोळ्याची पापणी न हलवता. आठवं पाऊल बघितलं, नववं बघितलं. पण पहिलं ते पहिलंच. ते रेघांच्या मधे पडून होतं. विसोबाने त्या दिवशी अंगण झाडू दिलं नाही.

दुपारी तो आडूला म्हणाला, "तात्या, तुमच्या त्या तीन पटाश्या आज मिळतील का?"

आडूने कमरेचं फडकं सोडलं. पटाश्या त्यात होत्याच. तो त्या घेऊनच आला होता.

विसोबाने मोठा चक काढून ठेवला. एका टोकाला काटा, दुसऱ्या टोकाला टोच, मधे लाकूड. लेथ अंगणाकडे तोंड करून फिरवून घेतलं. ठमी खोकं ढकलत फिरत होती, तिच्याकडे बघत बघत त्याने थाळीवर फळी आवळून चाकं कातली, मग दांडे कातले. एक दांडा जरा बारीक झाला, कारण त्या वेळी ती वळत होती. दिवेलागणीच्या आत गाडा तयार झाला.

ठमीने गाडा पाहिला. त्याच्यावर आपली बाहुली आणि मोहाची चार फुलं ठेवली. मग गाडा आजोबाच्या हातात दिला आणि स्वतः खोकं ढकलत पुढे निघाली. विसोबा गाडा ओढत तिच्या मागून गेला.

दुसऱ्या दिवशी शेवंता सासरी गेली. खोकंही गेलं, कारण ठमी ते सोडेना. किल्ल्या आणि माहितीपुस्तक त्यातच गेलं.

आता तुम्हाला वाटेल, विसोबाने मंडळात जाऊन सगळं खरं खरं सांगितलं असेल. सांगितलं की. त्याने गटावर लिहिलं, "ठमी चालायला लागली. मोठ्या चकमुळे." यात एक शब्दही खोटा नव्हता.

दादासाहेब धनेशांनी तो निरोप सर्वात वर लावून ठेवला. पुढच्या आठ दिवसांत मंडळाच्या अकराच्या अकरा सभासदांनी तोच चक मागवला. ज्यांना नातवंडं नव्हती, त्यांनीही. हुप्पेशेठला पाचवी फांदी घ्यावी लागली.

आडू साळिंदराने मागवला नाही. तो दोन दिवस विळ्यांच्या मुठी घासत होता.

तात्पर्य: तुम्हाला वाटलं असेल, मी म्हणणार की हत्यारं थोडी असावीत, काम आधी करावं, वगैरे. ते आडूने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ते कुणी ऐकलं? म्हणून मी एवढंच सांगतो. चक नेहमी मोठाच घ्यावा. तो लेथला बसला नाही तरी चालेल; त्याचं खोकं पोराच्या छातीपर्यंत यायला हवं. आणि खोकं उघडून झाल्यावर, घटकाभर तरी, पाठ भिंतीकडे करून बसावं.